शुकदांपत्याची मर्जी

बाणभट्टाच्या 'कादंबरी'त शुकसारिकांच्या रुसव्याचा एक मोठा रसाळ प्रसंग आहे. राजकन्या कादंबरी हिने आपल्या कालिंदी नावाच्या सारिकेचा परिहास नावाच्या पोपटाशी यथाविधी विवाह लावून दिलेला असतो. एके दिवशी पहाटे हा परिहास तमालिका नामक तांबूलवाहिनीशी एकांतात काही बोलत असलेला कालिंदीच्या दृष्टीस पडतो, आणि त्या क्षणापासून ती त्याच्याजवळ जात नाही, त्याच्याशी बोलत नाही, त्याच्याकडे पाहतदेखील नाही. सर्व सख्या समजूत घालून थकतात, पण रुसवा जात नाही. चंद्रापीडासारख्या राजपुत्रालाही या भांडणात विनोदाने चार शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही. पक्ष्यालाही मर्जी असते, ती बिघडते आणि ती राखावी लागते, ही गोष्ट सातव्या शतकातील त्या महाकवीच्या नजरेतून सुटली नव्हती.

आमच्या वाईच्या घरी गेली सहा वर्षे एक पक्षिदांपत्य नांदत आहे. त्यांस आम्ही हीच नावे ठेविली: नर तो परिहास, मादी ती कालिंदी. नातवंडांच्या तोंडी त्यांचे लवकरच 'पऱ्या' आणि 'कालू' झाले, ते व्याकरणाला सोडून असले तरी चालवून घ्यावे लागले. आमचे एक पुतणे सहकुटुंब जर्मनीस नोकरीला गेले. पक्षी बरोबर नेणे त्यांस शक्य नव्हते. अशा रीतीने तीन वर्षे वयाची ही जोडी पिंजऱ्यासह आमच्या पदरी आली. घरात लहानमोठी मिळून तेरा माणसे. नव्वदीला टेकलेल्या मातोश्रींपासून दुसरीतल्या नातीपर्यंत प्रत्येकाचे या पाहुण्यांविषयी स्वतंत्र मत होते, आणि पाहुण्यांचेही प्रत्येकाविषयी स्वतंत्र मत होते, हे पुढे हळूहळू कळून आले.

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा करणे अवश्य आहे. आमचे परिहास-कालिंदी हे वडापिंपळांवर थव्याने उतरणारे आपले हिरवे राघू नव्हेत. देशी पोपट पकडणे, विकणे वा घरी पाळणे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मनाई आहे, आणि देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून सर्वस्वी बंद करण्यात आला आहे. असे असताही ढोलीतून काढलेली पिल्ले चोरून विकली जातात व भले लोकही ती हौसेने घेतात. ज्यांनी 'कादंबरी' वाचली आहे, त्यांस शाल्मलीवृक्षाचा तो प्रसंग आठवत असेल. शबरांच्या टोळीतील एक म्हातारा झाडावर चढतो, ढोलींतून पोपटांची पिल्ले ओढून काढतो आणि त्यांचा जीव घेऊन ती खाली टाकतो; वैशंपायन पोपटाचा वृद्ध पिता आपल्या पोराला पंखाखाली झाकून घेतो आणि त्याच स्थितीत प्राणास मुकतो. हा भाग शिकविताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरत असे. पिंजऱ्यातील देशी राघू हा त्याच झाडावरून आलेला असतो, एवढे ध्यानी धरले म्हणजे कायद्याची भीती घालण्याचे कारण उरत नाही.

आमची जोडी 'कॉकटील' या जातीची. दुकानदार 'कॉकटेल' म्हणतात. हा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या आतील कोरड्या मुलखातला; काकाकुव्याच्या कुळातला, पण अंगाने लहान, वजनाने अवघा नव्वद-शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. करडे अंग, पंखांवर पांढरा पट्टा, गालावर नारिंगी टिकला आणि मस्तकावर तुरा. नराचे तोंड पिवळेजर्द, मादीचे त्या मानाने फिके. शास्त्रज्ञांनी याच्या लॅटिन नावात अप्सरेची आठवण ठेविली आहे, आणि पुढे 'न्यू हॉलंड' या ऑस्ट्रेलियाच्या जुन्या नावाची. ऑस्ट्रेलियाने आपल्या पक्ष्यांची निर्यात १९६० च्या सुमारास बंद केली. तेव्हा आज आपल्याकडे दिसणारे कॉकटील हे पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेल्यांचे वंशज होत. तरी जातिस्वभाव गेलेला नाही. त्या देशात हे पक्षी ज्वारीच्या शेतांवर थव्याने तुटून पडतात. आमच्याकडे पहिल्याच वर्षी पौषात शेतावरून आलेले ज्वारीचे कणीस पिंजऱ्यात अडकविले, तेव्हा जणू माहेरचे माणूस भेटावे तशी दोघे त्यास बिलगली.

आता मूळ विषयाकडे वळू. पोपट लहरी असतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. सकाळी खांद्यावर बसून कानाशी गुजगोष्टी करील आणि दुपारी त्याच हाताला चावेल. आज अमक्याला जवळ करील, उद्या त्याच्यावर फुत्कारेल. वरवर पाहता हे खरे आहे. पण सहा वर्षांच्या निरीक्षणाने आमचे मत असे झाले आहे की, लहर म्हणून जिला आपण म्हणतो तिच्या मागे बहुधा काही तरी कारण असते, आणि ते कारण पक्षी आपल्या परीने सांगतही असतो. आपणांस ती लिपी वाचता आली पाहिजे, इतकेच.

कॉकटीलच्या बाबतीत ही लिपी त्याच्या मस्तकावरच लिहिलेली असते. मातोश्री तिला 'शेंडी' म्हणतात आणि घरात तोच शब्द रूढ झाला आहे. शेंडी ताठ उभी राहिली म्हणजे पक्षी दचकला आहे किंवा काही नवे पाहून सावध झाला आहे. ती अर्धवट उचललेली असली म्हणजे चित्त स्वस्थ, पण कुतूहल जागे. मागे सैल पडून टोक किंचित वर वळलेले असले म्हणजे मर्जी प्रसन्न. आणि मस्तकाला अगदी चिकटवून, चोच उघडून 'हिस्स' असा आवाज काढला, म्हणजे समजावे की आता हात पुढे करणाराने परिणामाची जबाबदारी स्वतःवर घ्यावी. तिन्हीसांजेला दोघे शेजारी बसून चोच चोचीवर घाशीत राहतात, त्याचा बारीक करकर असा आवाज येतो. नवख्यास वाटते, राग आला आहे. वस्तुतः झोपेपूर्वीच्या समाधानाचे ते लक्षण होय.

आवाजाचेही तसेच. माणूस दृष्टीआड झाले की परिहास एक लांब, कर्कश हाक घालतो. थव्यात राहणाऱ्या पक्ष्याची ती 'मी येथे आहे, तू कोठे आहेस?' अशी पृच्छा असते. तिला रागावून गप्प करू गेल्यास हाका वाढतात. दुसऱ्या खोलीतून एक शीळ घालून उत्तर दिले की तो निवांत होतो. एकत्र कुटुंबात या प्रश्नाचे मर्म समजण्यास अडचण पडू नये. आमच्या मातोश्रीही दारात चप्पल वाजली की 'कोण आले गं?' म्हणून विचारतात आणि उत्तर मिळाले की जप पुढे चालू करतात.

बोलण्यात ही जात फारशी हुशार नाही, पण शीळ घालण्यात नराचा हात कोणी धरणार नाही. परिहासाने आरतीच्या चालीची पहिली ओळ उचलली, दारावरची घंटी उचलली आणि अखेरीस कुकरची शिट्टी उचलली. धाकट्या सूनबाई तीन शिट्ट्या मोजून ग्यास बंद करीत. एके दिवशी त्यांतल्या दोन परिहासाच्या निघाल्या आणि डाळ पंक्तीत दाताखाली आली. तेव्हापासून स्वयंपाकघरात घड्याळ लावले आहे. कालिंदी मात्र मितभाषिणी. माद्यांचा स्वभावच तसा असतो. पण म्हणूनच तिचे मौन कशाचे आहे हे ओळखणे अधिक अवघड पडते.

दोघांची भांडणे हा स्वतंत्र अध्याय आहे. परिहासाला चकचकीत पितळी तांब्यात आपलेच रूप दिसले की तो पंख किंचित उचलून, चोच आपटीत त्याच्यापुढे मिरवू लागतो. हे पाहिले की कालिंदी पाठ फिरवून दांडीच्या दुसऱ्या टोकास जाऊन बसते. बाणभट्टाच्या तमालिकेची जागा आमच्या घरी तांब्याने घेतली आहे, असे आम्ही म्हणतो. उपाय सोपा होता: तांब्या हलविला. दुसरे भांडण पिसांचे. पक्ष्याला स्वतःच्या डोक्याची पिसे विंचरता येत नाहीत. ते काम जोडीदाराने करावयाचे असते. कालिंदी मान खाली घालून उभी राहते आणि परिहास एकेक पीस चोचीतून काढतो. परंतु जुनी पिसे झडून नवी येत असताना त्यांचे कोंब हुळहुळे असतात. एखाद्या कोंबाला जोराने चोच लागली की ती किंचाळून उलट चावते आणि अर्धा दिवस अबोला. पिसे झडण्याच्या दिवसांत दोघांचीही मर्जी नाजूक असते, अंगाला खाज असते, आहारही थोडा पुष्ट लागतो. मोड आलेले मूग तर आम्ही देतोच. पण पशुवैद्यांनी उकडलेले अंडे थोडेसे द्यावे असे सांगितले, तेव्हा घरात मोठा प्रश्न उभा राहिला. शेवटी मातोश्रींनीच निर्णय दिला, 'आपल्या सोवळ्यासाठी त्या जिवाला उपास कशाला? परसात वेगळी चूल मांडा.' ती चूल आजतागायत चालू आहे.

रात्रीचा धाक हीही या जातीची एक खोड. काळोखात काही खुट्ट झाले, एखादी पाल सरकली, वीज चमकली, की हे पक्षी भानावर येण्यापूर्वीच उडू पाहतात व पिंजऱ्याच्या गजांवर आपटून पंख रक्तबंबाळ करून घेतात. मोकळ्या मैदानात शत्रूची चाहूल लागताच उडून जाणे हेच ज्याचे संरक्षण, त्याने दुसरे काय करावे? आमच्याकडे दिवाळीच्या पहिल्या रात्री असा प्रसंग आला. त्या वेळी हात घालून पकडू नये. दिवा लावावा आणि ओळखीच्या आवाजात हळूहळू बोलत राहावे. तेव्हापासून पिंजऱ्याजवळ रात्रभर झिरोचा दिवा असतो. शिवाय यांस दहा-बारा तास शांत झोप लागते. घरात दूरदर्शन संच अकरापर्यंत चालला तर दुसऱ्या दिवशी दोघेही चिडखोर. म्हणून संच माजघरातून पुढच्या खोलीत गेला. मुलांचा अभ्यास त्यामुळे सुधारला, हा आनुषंगिक लाभ.

येथपर्यंत मर्जीच्या गोष्टी गंमतीच्या वाटतील. पण एक प्रसंग असा घडला की, त्याने या लिपीचे खरे मोल सर्वांस कळले. कॉकटील मादी पिंजऱ्यात घरटे नसतानाही अंडी घालते. एकाआड एक दिवसाने अशी चार-सहा अंडी होतात. ती उबविण्याचे काम दोघे वाटून घेतात, दिवसा नर आणि रात्री मादी. पिल्ले वाढवून त्यांस योग्य घरे मिळवून देणे आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून पशुवैद्यांच्या सल्ल्याने खरी अंडी काढून त्या जागी खोटी ठेवीत असू. एकदम सर्वच उचलली तर मादी पुन्हा पुन्हा घालीत राहते आणि अंगातील चुना झिजून जातो.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एके सकाळी कालिंदी पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात बसलेली दिसली. आदल्या सायंकाळी परिहासाशी तिचे वाजले होते, तेव्हा मुले म्हणाली, 'कालू रुसली.' पण आमच्या सौभाग्यवती पिंजऱ्यापुढे बसून तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. नंतर म्हणाल्या, 'रुसलेले पाखरू पाठ फिरवते; हे डोळे मिटते आहे. आणि शेपूट पाहा, श्वासाबरोबर वरखाली होते आहे.' पिसे फुगलेली होती, विष्ठा पडलेली नव्हती, ज्वारीच्या कणसाकडे तिने ढुंकून पाहिले नाही. पोटात अंडे अडकले असावे, अशी शंका आली. अशा वेळी काही तासांचाही विलंब पक्ष्याच्या जिवावर बेततो. पक्ष्यांचे उपचार जाणणारे वैद्य पुण्यास. थोरल्या चिरंजीवांनी गाडी काढली. सूनबाईंनी खोक्यात मऊ फडके आणि कोमट पाण्याची बाटली गुंडाळून ठेविली. परिहास मागे एकसारखा हाका घालीत होता. खंबाटकीचा बोगदा ओलांडून दोन तासांत मंडळी दवाखान्यात पोहोचली. क्ष-किरणात अंडे दिसले. कॅल्शियमचे इंजेक्शन, ऊब व ओलावा या उपचारांनी सायंकाळी अंडे बाहेर पडले. रात्री ती घरी आली, तेव्हा परिहासाने केलेले स्वागत शब्दांत सांगणे कठीण. आणि मातोश्री त्या दिवशी जेवल्या त्या तेव्हाच.

यातील मर्म असे आहे. पक्षी आपले दुखणे लपवितो. रानात जो अशक्त दिसतो तो शिकाऱ्याच्या तोंडी आधी जातो. म्हणून उभे राहवते तोवर तो धडधाकट असल्याचे सोंग आणतो. तेव्हा मर्जीतील लहानसा पालट हीच पुष्कळदा दुखण्याची पहिली आणि कधी कधी एकमेव सूचना असते. जो आपल्या पक्ष्याची रोजची मर्जी ओळखतो, त्यालाच तो पालट दिसतो. आम्ही एक वही घातली आहे. दर रविवारी लहान काट्यावर दोघांचे वजन होते. नात आकडे लिहिते. वजन दहाव्या हिश्श्याने उतरले तर वैद्य गाठावयाचा, असा नियम आहे. खाणे, पिसे, झोप, भांडणे, सर्व त्यात नमूद होते. मुलांची अक्षरे आणि निरीक्षण दोन्ही सुधारण्याचे याहून चांगले साधन आमच्या पाहण्यात नाही.

घराच्या रीतीतही काही फेर करावे लागले, ते पाळू इच्छिणारांच्या माहितीसाठी सांगतो. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांखेरीज हवेच्या पिशव्या असतात व हवेतील विष त्यास माणसापेक्षा फार लवकर बाधते. म्हणून पिंजरा देवघरापासून दूर हलविला. धूप, ऊद आणि कापूर यांचा धूर त्यांच्या वाट्यास येऊ देत नाही. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी तडकाफडकी मरतो. घरात पुन्हा बिडाचा तवा आला. चहा, कॉफी, चॉकलेट, कांदा, मीठ आणि बाजारात मिळणारे अॅव्होकॅडो वर्ज्य. राळे, बाजरी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर हे उत्तम. सूर्यफुलाच्या बिया आवडतात, पण त्या बेतानेच. याच्या पिसांतून बारीक भुकटी सतत उडते. दम्याचा विकार असलेल्या घरी ही जात आणू नये. विदेशी जातींपैकी कित्येकांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. तीही चौकशी आधी करावी.

येणारे जाणारे कधी म्हणतात, 'सोडून द्या मास्तर, पुण्य लागेल.' देशी राघू कोणी कोंडला असेल तर तो वनखात्याच्या स्वाधीन करणे हाच मार्ग. पण या जोडीस दार उघडून देणे म्हणजे पुण्याच्या नावाखाली हत्या होय. यांच्या कित्येक पिढ्यांनी आकाश पाहिलेले नाही. घारीची ओळख नाही, आपल्या रानातील अन्नपाण्याची वाट ठाऊक नाही. तेव्हा कोंडलेपणाचे ऋण सोडून देऊन फिटत नाही, सांभाळूनच फेडावे लागते. दार लावून, पंखा बंद करून रोज दोन तास दोघांस खोलीत मोकळे सोडतो, हे त्या ऋणाचे व्याज.

आणि ऋण लांबचे आहे. चांगली निगा राखल्यास कॉकटील पंधरा-वीस वर्षे जगतो, काही त्याहूनही अधिक. मोठ्या जातींचे पोपट तर माणसाइतके आयुष्य काढतात. परिहास-कालिंदी आज नऊ वर्षांचे, आणि आम्ही सदुसष्ट. गणित तोंडी करता येण्याजोगे आहे. साठीच्या पुढे पोपट बाळगणाऱ्याने हे गणित टाळू नये. गेल्या गुढीपाडव्यास सर्व मंडळी एकत्र बसली असता आम्ही हा विषय काढला. क्षणभर कोणी बोलेना. आमच्या पश्चात ही जोडी कोणाकडे, या प्रश्नात पक्ष्यांपेक्षा आमचाच उल्लेख अधिक होता. मग धाकट्या सूनबाई म्हणाल्या, 'दादा, त्या दोघांची वही माझ्याकडे राहील.' डाळीचा प्रसंग ज्यांच्यावर ओढवला होता त्यांनीच हे म्हणावे, याने आम्हांस विशेष संतोष वाटला. दोघांपैकी एक आधी गेल्यास मागे राहिलेल्यास अधिक सोबत द्यावी लागेल, तो झुरेल, हेही वहीत लिहून ठेविले आहे. ते पान सौभाग्यवतींनी वाचले आणि काही न बोलता मिटले.

वात्स्यायनाने चौसष्ट कलांत शुकसारिकांस बोलावयास शिकविण्याची कला गणली आहे. आमची सूचना एवढीच की, तिच्या आधी एक कला शिकावी: ते न बोलता जे सांगतात ते ऐकण्याची. ती ज्यास साधली, त्याच्या घरातील लहान मूल, वृद्ध माता आणि नवी आलेली सून यांसही तिचा लाभ झाल्यावाचून राहत नाही. ज्यांच्या घरी अशी जोडी आहे त्यांनी आजच सायंकाळी दिवा लावण्याच्या वेळी घटकाभर पिंजऱ्यापुढे स्वस्थ बसून पाहावे, आणि एक कोरी वही घालावी.